काकूंच्या अ‍ॅम्प्लिफायरची सत्यप्रत

मंगळवारी सकाळी साडेदहाला मुलीचा फोन आला आणि आपल्या घरातून काय गेलंय ते फायलीकाकांना कळलं.

बायकोला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. ते त्यांना दवाखान्यात समोर बसून कळलं होतं. मंगळवारी कळलं ते वेगळं.

"बाबा, रजा मंजूर झाली," मुलगी म्हणाली. "तीन महिन्यांनी येते. आईची गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जाईन. गिटार एक वेळ इथेही मिळेल, पण ते खोकं जगात कुठे मिळायचं नाही. नीट ठेवलंय ना?"

"हो हो. आहे की. इथेच आहे," काका म्हणाले. म्हणता म्हणता त्यांची नजर बाल्कनीच्या कोपऱ्यात गेली. तिथे फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ दिसत होता.

काका एकतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. अख्खी इमारत त्यांना फायलीकाका म्हणायची ती त्यामुळेच. रेकॉर्ड रूमचा एक नियम होता: ज्यावर लेबल नाही आणि जे सहा महिन्यांत कुणी मागितलं नाही, त्याचं निर्लेखन करावं. निर्लेखन म्हणजे साध्या भाषेत, काढून टाकावं. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा काकांनी ते आवरायला घेतलं आणि हा नियम लावला. गिटारच्या पिशवीवर बायकोचं नाव होतं, म्हणून गिटार राहिली. बाल्कनीत एक खोकं पालथं पडलं होतं, पाठ उघडी, आत तारांचा गुंता, वर धूळ. त्याच्यावर नाव नव्हतं. ते काकांनी 'इतर' या सदरात धरलं आणि भंगारवाल्याला दिलं.

आता कुणी म्हणेल, बायकोचा अ‍ॅम्प्लिफायर नवऱ्याला ओळखू आला नाही? नाही आला. बावीस वर्षं त्यांनी तो पुढून पाहिला होता. पुढे कापड होतं, पाच बटणं होती, एक लाल दिवा होता. आजारी पडण्याच्या आधी तिने तो दुरुस्तीला उघडला होता, आणि पुढून पाहिलेलं माणूससुद्धा पालथं पडलं की पटकन ओळखू येत नाही.

काका तसेच, पायात चपला उलटसुलट घालून, भंगारवाल्याकडे गेले.

"ते खोकं होय?" भंगारवाला म्हणाला. "तांबं तिकडे, पत्रा इकडे, लाकूड मागे. तुम्हाला कुठलं हवंय?"

"सगळं मिळून हवंय."

"काका, सगळं मिळून हवं होतं तर दिलंत कशाला?"

काकांनी तांब्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, मागच्या लाकडाकडे पाहिलं आणि ते घरी आले.

खरं तर त्याच वेळी मुलीला फोन करून सांगायला हवं होतं. काकांनी तीनदा फोन हातात घेतला. पण 'आई गेल्यावर बाबांनी सात महिन्यांत काय केलं, तर आईचं खोकं भंगारात घातलं' हे वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. दुपारी तीनच्या सुमारास त्यांना कचेरीतली रीत आठवली. मूळ कागद गहाळ झाला की सत्यप्रत तयार करायची. हुबेहूब तशीच, सही-शिक्क्यानिशी. अनेकदा तर ती मूळ कागदापेक्षा देखणी व्हायची.

एकच अडचण होती. काकांना विजेतलं फक्त बटण दाबता येत होतं.

बायकोचं तसं नव्हतं. ती तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेत काम करायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा, तिने मोडीत निघालेल्या जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो अ‍ॅम्प्लिफायर बांधला. मग रोज संध्याकाळी पाच ते सहा ती गिटार वाजवायची. साधी नाही, विजेची. फाटक्या, लांबत जाणाऱ्या, दारं-खिडक्या थरथरवणाऱ्या आवाजात. सहा वाजता बंद करायची आणि स्वयंपाकाला लागायची.

चौकातल्या रेडिओवाल्याला काकूंबद्दल फार आदर होता. काकांनी त्याला भंगाराचं काही सांगितलं नाही, काकूंच्यासारखाच अ‍ॅम्प्लिफायर बांधायचाय एवढंच सांगितलं.

"ताईंनी नकाशा काढून ठेवलाय का कुठे?"

"नाही."

"नसणारच. ताईंना नकाशा लागायचा नाही." मग त्याने चष्मा काढला. "साहेब, हे रेडिओसारखं नाही. यात गेन फार असतो. गिटारमधून निघतो तो आवाज मुंगीएवढा. तो पहिल्या व्हॉल्व्हमध्ये वाढतो, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात. शेवटी इतका वाढतो की मावत नाही, मग फाटतो. ते फाटणंच हवं असतं लोकांना."

काकांना हे चटकन समजलं. एखादा साधा अर्ज कारकुनाकडे येतो. कारकून शेरा मारतो, हेडक्लार्क त्याच्यावर शेरा मारतो, अधीक्षक त्याच्यावर. साहेबांच्या टेबलावर जाईपर्यंत 'पंखा दुरुस्त व्हावा' या अर्जाची खातेनिहाय चौकशी झालेली असते. म्हणजे कचेरीत ते एकतीस वर्षं हेच करत आले होते, फक्त चारशे व्होल्ट नव्हते.

"चारशे?" काकांनी विचारलं.

"चारशे. आणि ध्यानात ठेवा, बंद केल्यावरसुद्धा आत तेवढेच राहतात बराच वेळ. हात घालायच्या आधी ते उतरवायचे असतात."

काका अ‍ॅम्प्लिफायर बांधणार ही बातमी इमारतीत जिन्यानेच पसरली आणि सल्ले यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या कॅशियरने सांगितलं की हल्ली हे सगळं फोनमध्ये येतं, बोट लावलं की झालं. समोरच्या वहिनींनी सांगितलं की काका, मन रमवायचंच तर कुंड्या करा, कुंडीचा शॉक लागत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की त्याच्या मेहुण्याने असंच काहीतरी बांधलं होतं. "मग काय झालं?" असं काकांनी विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही, आता बरा आहे."

व्हॉल्व्ह गावात मिळेनात. परगावाहून मागवले, ते पार्सल कचेरीत अडकले.

"यात काय आहे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"व्हॉल्व्ह."

"यादीत व्हॉल्व्ह नाही. काचेचं आहे?"

"काचेचं आहे."

"विजेवर चालतं? उजेड पडतो?"

काका खोटं बोलले असते तर पंधरा मिनिटांत घरी गेले असते. पण सरकारी खिडकीसमोर खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ती सवय त्यांना नुकतीच, आणि फक्त मुलीपुरती लागली होती. "थोडा पडतो," ते म्हणाले. "नारिंगी."

"मग दिवा," कारकून म्हणाला. "दिव्याला वीज खात्याचा दाखला लागेल."

वीज खात्यातल्या बाईंनी विचारलं, "याच्या उजेडात वाचता येतं का?" काका म्हणाले, नाही. "मग हा दिवा नाही. जो दिवा नाही, त्याला दिव्याचा दाखला कसा देऊ?" काका म्हणाले, मग दिवा नसल्याचा दाखला द्या. बाई म्हणाल्या, नसल्याचा दाखला आम्ही देत नाही. तसा द्यायला लागलो तर जगातल्या सगळ्याच वस्तू रांगेत उभ्या राहतील. काकांना हे इतकं पटलं की त्यांनी बाईंचे आभार मानले आणि जिना उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण रिकाम्या हातानेच चाललोय.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी काकांनी अर्जातल्या वस्तूच्या रकान्यात 'रेडिओचे सुटे भाग, जुने, निरुपयोगी' असं लिहिलं. कारकुनाने न बघता शिक्का मारला. निरुपयोगी वस्तूला सगळी दारं उघडी असतात, हे निवृत्त माणसाला खरं तर आधीच कळायला हवं होतं.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर काकांनी रेडिओवाल्याने काढून दिलेल्या नकाशावरून बांधला. त्यात त्यांनी जीव ओतला. प्रत्येक तार मोजून कापली, प्रत्येक तारेला लेबल लावलं आणि सगळ्या तारा एकत्र करून त्यांची जाड दोऱ्याने गठ्ठा-बांधणी केली; फायलींची करतात तशी, दर दोन बोटांवर गाठ. आतून ते खोकं इतकं नेटकं दिसत होतं की काका ते उघडंच ठेवून समोर बसून चहा प्यायले.

मग बटण दाबलं. गिटार अजून जोडलेलीसुद्धा नव्हती. खोक्यातून एक शिट्टी निघाली आणि ती वर वर चढत गेली. समोरच्या इमारतीतली तीन कुत्री एकदम ओरडायला लागली. काकांनी बटण बंद केलं, घाईघाईने काय झालं ते बघायला आत हात घातला, आणि रेडिओवाल्याने जे उतरवायला सांगितलं होतं ते सगळं काकांच्या उजव्या हातातून उतरलं. ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कसे पोचले हे त्यांना आठवत नाही. मध्ये दार होतं, ते बंद होतं एवढं आठवतं.

रेडिओवाला आला. त्याने आत पाहिलं आणि तो स्टुलावर बसला.

"साहेब, हे काय आहे?"

"तारा."

"तारा दिसतायत. या एकत्र बांधायला कुणी सांगितल्या?"

"सुट्या तारा बऱ्या दिसत नाहीत."

"अहो, शेवटची मोठी तार पहिल्या बारीक तारेच्या गळ्यात बांधलीत तुम्ही! बाहेर पडलेला आवाज परत आत शिरणार, पुन्हा वाढणार, पुन्हा बाहेर पडणार. साहेबांनी निकाली काढलेली फाइल परत खालच्या कारकुनाकडे गेली तर काय होईल?"

"आमच्याकडे जायची की," काका म्हणाले.

"मग शिट्टी वाजायची का?"

"वाजायची," काका म्हणाले. "फक्त ऐकू यायची नाही."

रेडिओवाल्याने सांगितलं, दुसरा बांधा, आणि मेहेरबानी करून गबाळा बांधा. "ताईंच्या खोक्यात बघवत नव्हतं. पण प्रत्येक तार जिथे असायला हवी तिथेच होती." मग त्याने खरा प्रश्न विचारला. "आवाज कसा हवाय? ताईंचा आवाज म्हणजे नक्की कसा होता? बारीक? जाड? लगेच फाटणारा, की सावकाश?"

काकांनी दोऱ्याची एक गाठ सोडवली.

"चांगला होता," ते म्हणाले.

"साहेब, चांगल्यावरून मला रेझिस्टर निवडता येत नाही."

या घडीला खालचे मास्तर कामी आले. काकांच्या बरोबर खालच्या घरात एक निवृत्त भाषाशिक्षक राहायचे. काकूंच्या वाजवण्याविरुद्ध त्यांनी सोसायटीच्या तक्रारवहीत बावीस वर्षं नेमाने तक्रारी लिहिल्या होत्या. काकूंच्या आवाजाची जगात दुसरी कुठलीही नोंद नव्हती. काका वही मागायला सेक्रेटरीकडे गेले.

"वही फक्त सभासदाला दाखवता येते," सेक्रेटरी म्हणाला.

"मग दाखवा."

"सभासद काकू होत्या. घर त्यांच्या नावावर. तुम्ही, काका, म्हटलं तर सहवासी."

"मी तीस वर्षं राहतोय इथे!"

"राहा ना. राहायला कोण नको म्हणतंय? वहीसाठी त्यांची सही आणा, नाहीतर घर नावावर करून घ्या. त्यालाही त्यांची संमती होती असं काहीतरी लागेल लेखी."

काका उठले. बायको असताना आपण तिच्या घरात राहत होतो, हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं. आता ती नव्हती आणि ते कुणाच्याच घरात राहत नव्हते. जिन्यात मास्तर भेटले. काकांनी सगळं सांगितलं, भंगारासकट. आतापर्यंत त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पण ज्या माणसाने बावीस वर्षं तुमच्या फरशीखाली हाल सोसले, त्याच्याशी खोटं बोलवत नाही.

मास्तर ताठ झाले. "तक्रारी माझ्या आहेत. लेखन माझं आहे. बघतो कोण देत नाही ते." अर्ध्या तासात वही काकांच्या टेबलावर होती.

मास्तरांनी उभी हयात मुलांना निबंध शिकवले होते, आणि तक्रारीतही त्यांनी कधी अंग चोरलं नव्हतं. 'आज आवाज लाकूड कापण्याच्या यंत्रासारखा, मात्र यंत्रास दुःख झाल्यासारखा.' 'आज खालच्या पट्टीत गुरगुर. कपाटातील काचेचे पेले खणखणले, पितळी शांत होते.' 'आज एकच स्वर लांबत गेला व संपेना. तक्रारीची खातरजमा करण्यासाठी मी जिन्यात उभा राहून तो शेवटपर्यंत ऐकला.' तीनशे बेचाळीस नोंदी होत्या. काकांनी त्यांची सूची केली, त्याशिवाय त्यांच्याच्याने राहवलं नसतं. शेवटची नोंद गेल्या वर्षातली होती: 'आज आवाज नाही. सलग नववा दिवस. कळावे.'

काकांनी त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

सूचीवरून एक नवीनच पंचाईत निघाली. आवाज एक नव्हता. दर चार-पाच वर्षांनी काकूंनी खोकं उघडून काहीतरी बदललं होतं, आणि मास्तरांनी ते प्रत्येक वेळी ओळखून लिहिलं होतं: 'आवाजाच्या स्वभावात फरक. पूर्वी भांडखोर होता, आता हट्टी आहे.' मग मूळ कुठलं धरायचं? मुलगी ज्यावर शिकली तो आवाज, का शेवटचा? काकांनी दोन्ही बांधायचं ठरवलं. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर भांडखोर काळाचा. त्यातल्या तारा काकांनी डोळे मिटून, दात-ओठ खाऊन वेड्यावाकड्या सोडल्या. तो चालला, पण गेन चढवला की त्यातून बारीक शिट्टी यायचीच. रेडिओवाला म्हणाला, कुठलातरी व्हॉल्व्ह थरथरतोय, कुठला ते सापडत नाही. तिसरा हट्टी काळाचा. त्यात शिट्टी नाही, घरघर नाही. पत्र्याचे आडोसे घालून प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र खोली दिली होती. पहिल्याचीही दोरी कापून तारा मोकळ्या केल्या, तेव्हा तो कुरकुरत का होईना, बोलायला लागला. मुलगी यायला आठ दिवस राहिले तेव्हा घरात तीन अ‍ॅम्प्लिफायर होते आणि जेवायला टेबल नव्हतं.

रविवारी सकाळी अकरा वाजता इमारतीतल्या लोकांना बोलावून तुलना ठेवली. बाहेरच्या खोलीत दोरीवर चादर टाकली आणि तिच्यामागे तिन्ही खोकी मांडली, म्हणजे रूप बघून कुणी मत देऊ नये. गिटार एक, स्पीकर एक, आवाजाची पातळी सारखी. रेडिओवाल्याला गिटार येत नव्हती, पण दुरुस्ती तपासायला लागते तेवढी यायची. काकांनी मतपत्रिका केल्या होत्या: क्रमांक; साम्य पूर्ण, अंशतः, नाही; शेरा; सही.

मास्तर आले, बसले आणि लगेच उठले. "इथून मला काही सांगता येणार नाही. मी काकूंना समोर बसून कधी ऐकलंच नाही. मला छतातून ऐकायची सवय आहे." ते खाली आपल्या घरी गेले आणि तिथून खिडकीतून ओरडून मत द्यायला लागले.

"एक नंबर!" रेडिओवाल्याने चादरीआडून पुकारलं.

"दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "काकूंचा असा नव्हता हो. काकूंचा आला की मी कुकर लावायची."

"दोन नंबर!"

कॅशियर म्हणाला, हाच. वहिनी म्हणाल्या, हा नाही, यात शिट्टी आहे. खालून मास्तरांचा आवाज आला, "पुन्हा! दुसरा पुन्हा! पेल्यांवरून सांगतो!" पुन्हा लावायला रेडिओवाल्याने तिन्ही खोक्यांचे व्हॉल्व्ह एकदमच तापत ठेवले आणि इमारतीचा फ्यूज उडाला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. तिच्यात सेक्रेटरी होता. पुढचा पाऊण तास तो आतून नियम सांगत होता आणि लिफ्टवाला बाहेरून त्याला "उद्या येतो" असं सांगत होता.

वीज आल्यावर तिसरा ऐकला. सगळ्यांनी मान डोलावली. तिसरा कुणाच्याच कानाला खुपला नाही. चार मतं तिसऱ्याला पडली, एक दुसऱ्याला. आणि मास्तरांनी खालून चिठ्ठी पाठवली, 'निर्णय राखून ठेवत आहे.' वहिनी जाताना दारात थांबल्या. "पण काका, खरं सांगू का? तिसरा चांगला वाटला म्हणून त्याला दिलं. काकूंचा होता म्हणून नाही."

रेडिओवाल्याने पत्रिका गोळा केल्या. "साहेब, तुमची कोरीच आहे."

"मी आयोजक आहे," काका म्हणाले. "आयोजकाने मत देऊ नये."

रेडिओवाल्याने ती कोरीच बाकीच्यांत ठेवली.

मुलगी सोमवारी दुपारी आली. काकांनी तिसरा अ‍ॅम्प्लिफायर कापड लावून, पुसून, काकूंच्या जागेवर ठेवला होता. ती आली, हात-पाय धुतले, गिटार काढली, तारा जुळवल्या. बटण लावलं. पाच-सहा स्वर वाजवले आणि थांबली.

"बाबा, हा कुणाचा आहे?"

"कुणाचा म्हणजे? आईचा."

तिने खोकं वळवून मागून पाहिलं. "आईने जन्मात एक तार सरळ ओढली नाही."

काका उभे होते, ते खुर्चीवर बसले. बसल्यावर ते वाक्य एकदाचं बाहेर पडलं. तीन महिने अडून बसलेलं वाक्य पाच शब्दांत संपलं. "मी तो भंगारात दिला, बाळा."

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ नळ सुरूच होता आणि भांड्याचा एकही आवाज येत नव्हता. काका बाहेरच्या खोलीत चालू खोक्यासमोर बसून राहिले. बंद करावं का, हेही त्यांना ठरवता येईना.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मला विचारायचं तरी! एक फोन! आणि मग इतके दिवस 'इथेच आहे, इथेच आहे'! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय की आईचा आणणार म्हणून."

"हो."

"हो काय?"

"चुकलंच," काका म्हणाले.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग न वळता म्हणाली, "असे किती केलेत?"

"तीन."

"लावा दुसरा."

काकांनी लावला. तिने गेन चढवला आणि शिट्टी सुरू झाली. काका बंद करायला पुढे झाले, तेवढ्यात तिचा डावा गुडघा आपोआप खोक्याच्या कडेला टेकला. शिट्टी थांबली. ती स्वतःच्याच गुडघ्याकडे बघत राहिली.

"आई असाच लावायची," ती म्हणाली. "त्याचाही एक व्हॉल्व्ह थरथरायचा."

काकांना गुडघा आठवला. रोज खोक्याला टेकलेला. "तिचा गुडघा दुखायचा ना? मी मलम आणायचो."

"तिचा कुठे दुखायचा? मी खेळून आले की मला लावायची ती ते."

चार वर्षं काकांनी दर महिन्याला मलमाची ट्यूब आणली होती. कुणीच काही बोललं नव्हतं.

"जवळ आहे का हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच सांगा. मी शिकायला बाहेर पडले. तुम्ही तर रोज ऐकलंय."

आता खोटं बोलण्यात काही उरलं नव्हतं. "मी कानात कापूस घालायचो," काका म्हणाले. "पाच ते सहा. पेपर वाचायचो."

"रोज?"

"रविवारी फिरायला जायचो."

ती हसली नाही, आणि चिडलीही नाही. चिडायचं तेवढं तिचं स्वयंपाकघरात झालं असावं. तिने गुडघा टेकवला आणि वाजवायला लागली, आई वाजवायची तेच. काका समोर बसले. आवाज मोठा होता, दातांत जाणवत होता. थोड्या वेळाने त्यांना कळलं की या सगळ्या गडगडाटाच्या आत एक अगदी संथ, साधी चाल आहे, कुणी घरात एकटं असताना गुणगुणावी तशी. ती त्यांनी लक्ष देऊन ऐकली. त्यांना वाटलं होतं, काहीतरी आठवेल. काही आठवलं नाही. आठवायला आधी ऐकलेलं असावं लागतं.

चौथ्या दिवशी ती निघाली. या चार दिवसांत ती त्यांच्याशी बोलली. जेवायला वाढलंय, औषध घेतलंत का, एवढं. निघताना तिने गिटार खांद्याला लावली आणि दुसरा अ‍ॅम्प्लिफायर टॅक्सीत ठेवला.

"हा आईचा नाही," ती म्हणाली. "पण मला वाजवता येतो."

"पोचलीस की फोन कर."

"करते." मग टॅक्सीचं दार धरून ती थांबली. "गिटार ठेवू का बाबा तुमच्याकडे?"

"नको. मला कुठे येते."

टॅक्सी गेली. पोचल्याचा फोन आला, तो अर्ध्या मिनिटाचा होता. काकांनी टेबल पुन्हा जेवायला मोकळं केलं. पहिला आणि तिसरा अ‍ॅम्प्लिफायर बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी आहेत, दोघांनाही लेबल लावलेलं आहे. मास्तरांचा निर्णय अजून राखीवच आहे. घर काकूंच्याच नावावर आहे. या दोन खोक्यांमधला कुठला काकूंच्या आवाजाला जास्त जवळचा, हे ठरवायचं राहिलंय. घरात गिटार नाही.